खुणेची खूण : मेंदू परोक्ष संबंध कसे जोडतो

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



निमंत्रण देताना कार्यवाह म्हणाले होते, "विषय तुमच्या शास्त्रातला घ्या, पण तो आमच्या घरातला असू द्या." ज्याचे सारे आयुष्य महाविद्यालयात मानसशास्त्र शिकविण्यात गेले, त्याला ही अट सोपी नव्हे. चार दिवस विषय सुचेना. मग एका रात्री, अंथरुणाला पाठ टेकल्यावर, एका आवाजाची आठवण झाली आणि विषय आपोआप समोर उभा राहिला.

तो आवाज सायकलच्या घंटीचा होता.

आमचे बालपण खरगपूरच्या रेल्वे वसाहतीत गेले. मूळ गाव वाई. हावडा-नागपूर मार्गाने कल्याणला यावयाचे, तेथे गाडी बदलून पुणे गाठावयाचे आणि पुढे एस्.टी.ने वाई, असा तो प्रवास. दोन वर्षांतून एकदा तो घडला तर घडला. गावाची खबर पोस्टकार्डाने येई, आणि पोस्टकार्डाला न थांबणारी खबर तारेने येई. १९५८-५९ च्या सुमाराची गोष्ट. एका संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, दारापुढे सायकल थांबली, घंटी दोनदा वाजली आणि खाकी वेषातला तारवाला पायरीवर आला. आईने दार उघडले आणि आत वळून ती एवढेच म्हणाली, "अहो, तार आहे." अण्णांनी सही केली, कागद उलगडला, आणि आई भिंतीला टेकून खाली बसली. तिचे वडील गेले होते. पुढे वर्षभरात अशाच आणखी दोन तारा आल्या. एक काकांच्या आजारपणाची, दुसरी ते गेल्याची.

आम्ही भावंडे लहान होतो. तारेतले इंग्रजी आम्हांला वाचता येत नव्हते आणि मृत्यूचा अर्थही नीटसा कळत नव्हता. कळत होते ते आईचे रडणे. ते पाहून लेकराच्या पोटात कालवाकालव व्हावी, हे कोणी शिकवावे लागत नाही. त्या रडण्याशी प्रथम जोडला गेला तो घडी घातलेला कागद. मग त्या कागदाशी जोडली गेली ती घंटी. पुढे पुढे असे होऊ लागले, की रात्रपाळीहून परतणाऱ्या शेजाऱ्याने फाटकाशी घंटी वाजवली तरी आमच्या हातातला घास हातातच राही. घंटीने आमचे काहीच वाईट केले नव्हते. ती केवळ खुणेची खूण होती.

बंधुभगिनींनो, आज आम्ही जे सांगणार आहो, ते सारे या खुणेच्या खुणेविषयी आहे.

या विषयाचा आरंभ रशियात झाला. इव्हान पाव्हलॉव्ह यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. कुत्र्यांच्या लाळेचे थेंब मोजता मोजता त्यांच्या ध्यानात आले, की अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, अन्नाची सूचना देणाऱ्या एखाद्या खुणेनेही लाळ सुटते. लय मोजणाऱ्या मेट्रोनोम या यंत्राची टिकटिक ऐकवून लगेच अन्न दिले, असे अनेकवार केले, की पुढे नुसत्या टिकटिकीने लाळ सुटू लागते. मानसशास्त्राच्या आपल्या मराठी पुस्तकांतून याला अभिसंधान म्हणतात. एवढा भाग शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो.

त्यापुढची पायरी मात्र फारशी कोणी सांगत नाही. पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत टिकटिकीला लाळ सुटू लागल्यावर कुत्र्यासमोर एक काळा चौकोन धरण्यात आला आणि थोड्या अवकाशाने टिकटिक ऐकविण्यात आली. या वेळी अन्न दिलेच नाही. चौकोन आणि अन्न यांची गाठ कधीही पडलेली नव्हती. तरीही काही आवृत्तींनंतर नुसता काळा चौकोन पाहून लाळ गळू लागली. थेंब टिकटिकीपेक्षा कमी, पण निश्चितपणे मोजता येण्याजोगे. चौकोनाला अर्थ दिला तो टिकटिकीने, आणि टिकटिकीला तो अन्नाने दिलेला होता. यालाच उच्चस्तरीय अभिसंधान म्हणतात.

ही साखळी किती लांब जाते? पाव्हलॉव्ह यांचे निरीक्षण असे, की अन्नाच्या बाबतीत ती दुसऱ्या पायरीवर थांबे. विजेच्या झटक्यापासून बचाव करण्याची क्रिया घेतली, तर तिसऱ्या पायरीपर्यंत जाई. त्यापुढे त्यांच्या कुत्र्यांत ती गेली नाही. सुखापेक्षा भयाची साखळी एक कडी अधिक लांब निघाली, ही गोष्ट आम्हांला नेहमीच विचार करावयास लावते. आमच्या घरी शुभेच्छांच्या ताराही येत असत, हे मोठेपणी अण्णांच्या ट्रंकेत सापडलेल्या कागदांवरून कळले. त्या वेळी वाजलेल्या घंट्या मात्र आम्हां भावंडांपैकी एकालाही आठवत नाहीत.

आता दुसरा एक प्रयोग पाहू. तो अमेरिकेतला, १९३९ सालचा. ब्रॉग्डेन या संशोधकाने कुत्र्यांना घंटा आणि दिवा एकाच वेळी दोनशे वेळा अनुभवास आणून दिले. पुढे काहीही घडत नव्हते. ना अन्न, ना झटका. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, की कुत्रा काहीच शिकला नाही. त्यानंतर त्या दोहोंपैकी एकाच गोष्टीबरोबर पायाला विजेचा झटका देण्यात आला. त्या खुणेला कुत्रा पाय उचलू लागला, आणि मग दुसरी गोष्ट पुढे आणताच तिलाही त्याने पाय उचलला! म्हणजे घंटा व दिवा यांचा दुवा मेंदूत आधीच जोडला जाऊन मुकाट पडून राहिला होता. एका टोकाला अर्थ आला, तेव्हा दुसऱ्या टोकालाही तो पोचला.

याचेही उदाहरण घरातलेच देतो. वाईहून आजी पार्सल पाठवी. पांढऱ्या कापडात शिवलेले, लाखेची मोहोर केलेले, आणि त्यावर तिच्या हातचे वळणदार अक्षर. ते उसवले की गोड्या मसाल्याचा वास घरभर पसरे. आजीला आम्ही तोवर समजत्या वयात पाहिलेच नव्हते. अक्षर आणि वास दोन्ही आमच्या लेखी सारखेच परके. फक्त नेहमी बरोबर येत एवढेच. मग एका उन्हाळ्यात वाईला गेलो. आजीच्या स्वयंपाकघरात तो मसाला कुटला जाताना तिच्या मांडीला खेटून बसलो, तिच्या हातची आमटी जेवलो, आणि तो वास मायेचा झाला. खरगपूरला परतल्यावर पुढचे पार्सल आले, तेव्हा ते उसवण्याआधीच, नुसते कापडावरचे अक्षर पाहून आमच्या धाकट्या बहिणीचे डोळे भरून आले. आजीला लिहिताना आम्ही कधीच पाहिले नव्हते. अक्षराला माया मिळाली ती वासाकडून.

हे सारे मेंदूत कोठे आणि कसे घडते, हा प्रश्न पाव्हलॉव्ह यांच्या काळी अनुमानाचा होता. आज त्याची उत्तरे हळूहळू हाती येत आहेत. २०१२ साली न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठातील विमर आणि शोहामी यांनी माणसांवर केलेला एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. लोकांना चित्रांच्या जोड्या दाखविल्या. पहिले चित्र चेहऱ्याचे, स्थळाचे वा शरीराच्या एखाद्या भागाचे, आणि त्यामागोमाग दुसरे एक नक्षीचे. पुढे काही नक्ष्यांबरोबर पैसे मिळाले, काहींबरोबर नाही. शेवटी ज्या चित्रांना पैशाचा स्पर्शही झाला नव्हता, त्या पहिल्या चित्रांतून निवड करण्यास सांगितले. काही जोड्यांच्या बाबतीत लोकांचा कल पैसे देणाऱ्या नक्षीच्या जोडीदाराकडे स्पष्टपणे झुकला. हे आपण का निवडले, याचा त्यांना बहुधा पत्ताही नव्हता.

त्या वेळी मेंदूत काय चालले होते? नक्षीबरोबर पैसे मिळत असताना, समोर नसलेल्या त्या पहिल्या चित्राचे ठसे मेंदूत पुन्हा जागे होत होते, आणि त्यात हिप्पोकॅम्पस या भागाचा सहभाग दिसला. कानशिलाच्या आत खोलवर असलेला हा भाग आकाराने समुद्रघोड्यासारखा, आणि नव्या आठवणी बांधण्याचे काम मुख्यतः त्याचे. म्हणजे आज सुख पदरी पडते, तेव्हा मेंदू कालच्या सोबत्याला हाक मारून त्यालाही त्या सुखात वाटेकरी करून घेतो. आपल्याकडे न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात स्मृती कशाकशाने जागी होते याची मोठी यादी आहे. तीत सादृश्य आहे, संबंध आहे आणि एकामागून दुसरे येणे हेही आहे. आजच्या शास्त्राने हे कार्य मेंदूत कोठे चालते हे दाखविण्यास आरंभ केला आहे.

भीतीच्या दुव्यांत आणखी एका भागाचे नाव घ्यावे लागते. तो म्हणजे बदामाच्या आकाराचा ॲमिग्डाला. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, या भागाच्या एका विशिष्ट अंशाला इजा झालेले उंदीर अन्नाची साधी खूण शिकू शकले, पण खुणेची खूण शिकू शकले नाहीत. सिडनीतील संशोधकांनी २०१३ साली याहून मार्मिक गोष्ट दाखविली. उंदरांना आवाज आणि प्रकाश यांची निरुपद्रवी जोडी निर्धास्त जागी शिकविली, तर ती नोंदविण्यास मेंदूच्या पृष्ठभागातील स्मरणाशी निगडित एक पट्टा आवश्यक ठरला. तीच जोडी भीतीच्या जागी शिकविली, तर ॲमिग्डाला आवश्यक ठरला. गोष्टी त्याच, पण वातावरण बदलले आणि नोंदीची वहीच बदलली. उंदरांवरून माणसांच्या घराबद्दल घाईने काही ठरवू नये, हे आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो. तरी लेकरे ज्या हवेत वाढतात ती हवा भीतीची आहे की निर्धास्तपणाची, हा प्रश्न प्रत्येक आईबापाने स्वतःला विचारावा, एवढे सांगण्यास हरकत नसावी.

आता आम्ही विषयाच्या गाभ्याशी येतो. पहिली खूण निष्प्रभ झाली, तर दुसरीचे काय होते?

१९७२ साली रिझली आणि रेस्कोर्ला यांनी हा प्रश्न उंदरांना विचारला. एका खुणेची भीती बसविली. तिच्याद्वारे दुसऱ्या खुणेची बसविली. मग पहिली खूण वारंवार दाखवून काहीच वाईट घडू दिले नाही, तेव्हा तिची भीती विझली. तर्काने पाहता दुसरीचीही विझावयास हवी होती. ती विझली नाही! मूळ आधार गेला तरी दुसरी खूण आपल्या पायांवर उभी राहिली. उलट, ब्रॉग्डेन यांच्या पद्धतीने, म्हणजे अर्थ येण्याआधीच जोडलेल्या दुव्यांत, पहिली खूण विझविली की दुसरीही विझली. तेथे मेंदू प्रत्येक वेळी मधल्या कडीवरून जातो असे दिसते. येथे मात्र भावना थेट दुसऱ्या खुणेलाच चिकटून बसते आणि ती कोठून आली याचा विसर पडतो.

आमच्या घरी नेमके हेच घडले. पुढे पुढे तारा सुखाच्याही येऊ लागल्या. बहिणीचा निकाल, भावाची नोकरी, लग्नाच्या शुभेच्छा. तारेच्या कागदाची अण्णांना भीती राहिली नाही. पण रात्रीच्या घंटीने ते अखेरपर्यंत दचकत. २०१३ च्या जुलैमध्ये भारतातील तारसेवा कायमची बंद झाली, तेव्हा अण्णा हयात नव्हते. आम्ही मात्र आजही रात्री फाटकाशी सायकल वाजली की उठून बसतो. आमची नात तारसेवा बंद झाल्यानंतर जन्मलेली; तार म्हणजे काय हे तिला चित्र दाखवून सांगावे लागले. परवा रात्री घंटी वाजली, आम्ही दचकलो, आणि शेजारी बसलेली ती पोर आमच्या चेहऱ्याकडे पाहून दचकली. "आजोबा, काय झालं?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. साठाहून अधिक वर्षांपूर्वीचे आईचे रडणे, कागद, घंटी आणि आमचा चेहरा इतक्या कड्यांवरून तिच्यापर्यंत येऊन पोचले होते.

घंटीचे भय निरुपद्रवी म्हणून सोडून देता येईल. सगळेच दुवे तसे नसतात. आमच्या आजोबांना ऐन उमेदीत कोणी एकाने पैशांत फसविले होते. तो माणूस कोणती भाषा बोले, हे घरात इतक्या वेळा ऐकले, की ती भाषा बोलणाऱ्या माणसांविषयी आम्हां मुलांच्या मनात अढी बसली. दुर्दैवाने शाळेत आम्हांला गणित शिकविणाऱ्या गुरुजींची ती मातृभाषा होती. त्यांनी वहीवर हात ठेवला तरी आम्ही वही ओढून घ्यावी! ते काही न बोलता पुढच्या बाकाकडे जात. कित्येक वर्षांनी जुनी कागदपत्रे पाहता अण्णांना उमगले, की त्या व्यवहारात आजोबांचीही चूक होती. फसवणूक म्हणावी तशी ती नव्हतीच. मूळ खूण विझली. पण आमच्या मनातली अढी गेली का? नाही. ती गेली ती निराळ्याच मार्गाने. मॅट्रिकच्या वर्षी आम्ही विषमज्वराने अंथरुणाला खिळलो, तेव्हा हेच गुरुजी रोज संध्याकाळी घरी येऊन उशाशी बसत आणि दशांश-अपूर्णांकांपासून सारे गणित पुन्हा शिकवीत. त्यांचे उच्चार तेच, आवाज तोच, आणि पुढे काहीही वाईट घडत नव्हते. घडत होते ते चांगलेच. महिनाभराने त्यांच्या सायकलची वाट पाहणारा मुलगा तो आम्हीच होतो. त्या वहीबद्दल क्षमा मागावी असे फार मनात होते. ती मागण्याचे धैर्य झाले, तोवर ते सेवानिवृत्त होऊन आपल्या गावी गेले होते.

परप्रांतात राहणाऱ्या आपणा सर्वांना हे ध्यानात ठेवावयास हवे. आपण येथे अल्पसंख्य आहोत. शेजारच्या माणसांविषयीची पुष्कळशी मते आपल्यापर्यंत दुसऱ्यातिसऱ्या हातानेच येतात, आणि त्यांची आपल्याविषयीचीही तशीच. मूळ कारण खोटे ठरले म्हणून अशी अढी जात नाही. ज्या खुणेचे भय, त्या खुणेशीच नव्याने आणि निर्धास्तपणे गाठ घालून द्यावी लागते. युक्तिवादाने जे होत नाही, ते एकत्र बसून जेवल्याने होते. गणेशोत्सवात शेजाऱ्यांना आग्रहाने बोलावण्याची आपल्या मंडळाची प्रथा आम्हांला म्हणूनच मोलाची वाटते.

आता शेवटचा मुद्दा. तो आपल्या मुलांचा. "आमच्या मुलांनी गाव पाहिलेले नाही, मग त्यांना मराठीची ओढ कशी लागणार?" हा प्रश्न येथे प्रत्येक बैठकीत निघतो. शास्त्राच्या आधारे एवढे म्हणता येईल, की मूळ गोष्ट पाहिलेली नसणे ही अडचण नव्हे. काळ्या चौकोनाने तरी अन्न कोठे पाहिले होते? आजीची माया आमच्यापर्यंत मसाल्यातून आणि अक्षरातून पोचली; आपल्या मुलांपर्यंत ती आपल्या आवाजातून, सणाच्या सकाळच्या गडबडीतून, या सभागृहातल्या पडद्यामागच्या धांदलीतून पोचेल. अशी दुसऱ्या हातची ओढ दुय्यम प्रतीची असते, असे मानण्याचे कारण नाही. ती पुढे स्वतःच्या पायांवर उभी राहू शकते.

पण पाव्हलॉव्ह यांनी एक धोकाही दाखवून ठेवला आहे. चौकोन आणि टिकटिक बरोबर येत राहिली आणि अन्न मात्र कधीच आले नाही, असे फार काळ चालले, तर चौकोनाचा अर्थ उलटतो. आता अन्न मिळणार नाही, याचीच ती खूण होऊन बसते. आपल्या रविवारच्या मराठी वर्गात काही वर्षांपूर्वी असेच झाले, हे आम्ही स्वतःची चूक म्हणूनच सांगतो, कारण तो वर्ग आम्हीच घेत होतो. मुलांना गोष्टीचे पुस्तक फार आवडे. आम्ही ते टेबलावर ठेवीत असू, हजेरी घेत असू, आणि मग वेळ पुरत नाही म्हणून शुद्धलेखन घालून वर्ग सोडीत असू. गोष्ट पुढच्या रविवारी; आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. चार महिन्यांत हजेरीपट उघडला की मुलांचे चेहरे मिटू लागले. हजेरी म्हणजे आज गोष्ट नाही, हे त्यांचे मेंदू बिनचूक शिकले होते. एका मुलीने तर आईला सांगितले, "मला मराठी आवडतं, पण मराठीचा वर्ग आवडत नाही." तिच्या या वाक्याने आमचे डोळे उघडले. तेव्हापासून हजेरी झाली की प्रथम गोष्ट, आणि शुद्धलेखन त्यानंतर, असा क्रम आम्ही ठेवला. मिटलेले चेहरे उलगडण्यास त्यानंतर वर्षभर लागले.

तात्पर्य एवढेच, की खुणा आपण फुकट निर्माण करू शकत नाही. त्यांच्यामागे केव्हातरी, कोठेतरी, खरे सुख यावे लागते. झेंडे, तसबिरी, पोशाख, घोषणा या साऱ्या खुणेच्या खुणा होत. मूळ घास कधीच मिळाला नाही, तर त्या हळूहळू उपाशीपणाच्या खुणा होतात.

जाता जाता त्या नातीची गोष्ट पुरी करतो. त्या रात्रीनंतर आम्ही तिच्याशी एक ठराव केला. आता रोज दिवेलागणीला ती आपली छोटी सायकल घेऊन फाटकाशी जाते, घंटी दोनदा वाजवते आणि ओरडते, "आजोबा, तार आली!" मग तिच्या हातातली कागदाची घडी उलगडून आम्ही मोठ्याने वाचतो. कधी त्यात भाजीची यादी असते, कधी वाईच्या घाटाचे तिने काढलेले चित्र. तिने तो घाट पाहिलेला नाही. पहिले आठ दिवस घंटीसरशी आमच्या छातीत धस्स होई; अलीकडे ते पुष्कळ कमी झाले आहे.